‘हाओरी’, ‘अंगरखा’ आणि परिधानवाचक क्रियापदे : औपचारिक वेषाच्या शब्दसंपदेचा तौलनिक विचार

वस्त्रवाचक शब्दांचा अभ्यास बहुधा नामांपासून सुरू होतो आणि नामांपाशीच थांबतो. अंगरखा, बाराबंदी, डगला, जामा, उपरणे, शालजोडी ही नामे गोळा करावीत, त्यांची व्युत्पत्ती लावावी, कोणते तत्सम, कोणते तद्भव, कोणते फारसी-अरबी हे ठरवावे, आणि यादी पुरी झाली की विषय संपला असे मानावे, ही रीत सर्वपरिचित आहे. परंतु वस्त्र हे केवळ नाव असलेली वस्तू नव्हे. ते अंगावर येते तेव्हाच वेष होते. ज्या क्रियापदाच्या साह्याने ते अंगावर येते त्या क्रियापदाचा विचार केल्यावाचून त्या वस्त्राचे भाषेतील स्थान निश्चित होत नाही. धोतर ‘नेसतात’, सदरा ‘घालतात’, शाल ‘पांघरतात’, उपरणे ‘घेतात’ आणि पागोटे ‘बांधतात’, ही गोष्ट मराठी माणसाला इतकी स्वाभाविक वाटते की तीत काही नियम दडला असेल अशी शंकाही येत नाही. हा नियम दुसऱ्या, सर्वस्वी भिन्न कुळातील भाषेशेजारी ठेवला म्हणजे स्पष्ट दिसू लागतो.

प्रस्तुत लेखात या हेतूने जपानी भाषेतील औपचारिक अंगवस्त्रांची शब्दसंपदा आणि कोकणकिनाऱ्यावरील, विशेषतः रत्नागिरी परिसरातील, मराठीची शब्दसंपदा यांची तुलना केली आहे. ही निवड यादृच्छिक नाही. एक तर दोन्ही समाजांत पाश्चात्त्य पेहराव रूढ झाल्यावरही जुना औपचारिक वेष विवाहादी प्रसंगी टिकून राहिला आहे. दुसरे असे की सोळाव्या-सतराव्या शतकांत हे दोन्ही किनारे एकाच पोर्तुगीज सागरी मार्गावर होते. रत्नागिरीच्या उत्तरेस चौल आणि दक्षिणेस गोवे ही पोर्तुगीजांची ठाणी. गोव्याहून निघालेली गलबते मलाक्का व मकाव या मार्गाने नागासाकीस जात. त्यामुळे उसन्या शब्दांची काही बीजे दोन्हीकडे एकाच हाताने पेरली गेली. ती कोठे रुजली आणि कोठे रुजली नाहीत, हे पाहणे उद्बोधक ठरते.

१. क्रियापदांची व्यवस्था

जपानी भाषेत ‘परिधान करणे’ या अर्थाचे एकच सर्वसामान्य क्रियापद नाही. धडावर किंवा सर्वांगावर येणाऱ्या वस्त्राला ‘किरु’, कमरेखाली किंवा पायांत येणाऱ्या वस्त्राला ‘हाकु’, डोक्यावर येणाऱ्याला ‘काबुरु’, खांद्यांवरून अलगद टाकावयाच्या वस्त्राला ‘हाओरु’ आणि आवळून बांधावयाच्या कमरपट्ट्याला ‘शिमेरु’ असे क्रियापद लागते. ‘हाकामा’ हा चुण्यांचा, कमरेला बांधण्याचा पारंपरिक अधोवेष. त्याला ‘हाकु’ लागते. पाश्चात्त्य पद्धतीच्या विजारीला जपानीत ‘झुबोन’ म्हणतात. तिलाही ‘हाकु’च लागते, आणि पायमोजे व पादत्राणे यांनाही तेच. हाकामाचे दोन प्रकार आहेत, एक विजारीसारखा दुभंगलेला आणि एक घागऱ्यासारखा अखंड. क्रियापद दोन्हीकडे तेच राहते. वस्त्र शिवलेले आहे की गुंडाळलेले, दुभंगलेले आहे की अखंड, याची जपानी क्रियापदाला फिकीर नाही. ते शरीराच्या कोणत्या भागी जाते एवढेच ते विचारते.

मराठीची रीत नेमकी उलट आहे. धोतर आणि विजार ही दोन्ही कमरेखालची वस्त्रे; परंतु धोतर ‘नेसतात’ आणि विजार ‘घालतात’. लुगडे नेसतात, सोवळे नेसतात, पंचा नेसतात. सदरा, बंडी, कोट, टोपी, चपला घालतात. येथे शरीराचा भाग गौण आहे. ज्या वस्त्राला शिंप्याने अगोदरच आकार दिलेला आहे, त्याला ‘घालणे’. जे सपाट कापड असून अंगावर आल्यावर, नेसणाऱ्याच्या हातून आकार घेते, त्याला ‘नेसणे’. आणि जे सपाट राहूनच अंग झाकते, त्याला ‘पांघरणे’ किंवा ‘घेणे’. म्हणजे मराठी क्रियापद वस्त्राची घडण विचारते.

डोक्यावरील वस्त्रांत हा नियम विशेष उघडपणे दिसतो. फेटा आणि पागोटे ‘बांधतात’, कारण लांब पट्टी माथ्यावर प्रत्येक वेळी नव्याने गुंडाळावी लागते. पुणेरी पगडी मात्र ‘घालतात’, कारण ती कारागिराने आधीच बांधून पक्की केलेली असते. कापड तेच, जागा तीच. घडण बदलली की क्रियापद बदलते.

मग शरीराचा भाग मराठी कोठे सांगते? तो ती नामाच्या विभक्तीतून सांगते. ‘अंगात सदरा’, ‘डोक्यात टोपी’, ‘पायात वहाणा’, ‘बोटात अंगठी’, परंतु ‘खांद्यावर उपरणे’, ‘अंगावर शाल’. शिवलेल्या किंवा ठरीव आकाराच्या वस्तूला सप्तमीचा ‘त’ आणि सुट्या कापडाला ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय, अशी ही वाटणी आहे. वस्तुतः अंग सदऱ्यात असते. सदरा अंगात नसतो. तरीही मराठी ‘अंगात सदरा’ म्हणते, कारण येथे ‘त’ हा प्रत्यय स्थळापेक्षा दोहोंच्या घट्ट संलग्नतेचा निदर्शक झाला आहे. जपानीने जी माहिती क्रियापदात साठवली, ती मराठीने नाम व विभक्ती यांच्याकडे सोपवली आणि क्रियापद दुसऱ्या कामासाठी मोकळे ठेवले. दोन भाषांत कोणती अधिक सूक्ष्म, हा प्रश्न निरर्थक आहे. सूक्ष्मता दोन्हीकडे आहे, ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली आहे.

या क्रियापदांचे वयही ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘नेसणे’ हे संस्कृत ‘नि’ उपसर्गपूर्वक ‘वस्’ धातूपासून आले. कोकणीत ‘न्हेसप’ हे त्याचेच भावंड आहे. ‘पांघरणे’ व ‘पांघरूण’ यांचा उगम ‘प्रावरण’, प्राकृत ‘पंगुरण’ यात आहे. ‘घालणे’ हे प्राकृत ‘घल्ल’ या देशी धातूचे रूप. फारसी, अरबी, तुर्की, पोर्तुगीज, इंग्रजी या साऱ्यांनी मराठीला वस्त्रांची नावे दिली. वस्त्र अंगावर घेण्याची ही नित्याची क्रियापदे मात्र त्यांपैकी कोणाचीही नाहीत. जपानीतही हीच स्थिती आहे. चिनी, पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी नामे आली. ‘किरु’, ‘हाकु’, ‘काबुरु’ ही क्रियापदे देशीच राहिली. नवे वस्त्र आले की जुन्या क्रियापदांपैकी एकाच्या ताब्यात त्याला जावे लागते. नाव परके राहू शकते, पण वर्ग घरचाच मिळतो.

२. नामकरणाची तत्त्वे

जपानी औपचारिक वेषातील अनेक नामे परिधानक्रियेपासूनच बनलेली आहेत. ‘किमोनो’ म्हणजे ‘किरु’ या क्रियेची वस्तू, अंगावर घ्यावयाची गोष्ट. आज हा शब्द विशिष्ट राष्ट्रीय पोशाखासाठी जगभर प्रसिद्ध असला, तरी मुळात त्याचा अर्थ सामान्यतः ‘कपडा’ एवढाच होता. ‘हाओरी’ हा किमोनोवर घालावयाचा, पुढून मोकळा असलेला, छातीपाशी दोरीने जोडावयाचा अंगरखा. त्याचा संबंध ‘हाओरु’, म्हणजे खांद्यांवरून वर टाकणे, या क्रियापदाशी जोडला जातो. ‘हाकामा’चे नाते ‘हाकु’शी लावतात. स्त्रियांच्या विवाहवेषातील ‘उचिकाके’ या लांब, न बांधता वर टाकण्याच्या वस्त्राचे नावही ‘वर टाकलेले’ अशाच अर्थाचे आहे.

हाओरी हा शब्द चिनी चिन्हांत ‘पंख’ व ‘विणणे’ या अर्थांच्या दोन चिन्हांनी लिहितात. यावरून पंखांचे वस्त्र अशी व्युत्पत्ती सुचणे साहजिक आहे. परंतु ही चिन्हे उच्चारासाठी मागाहून बसवलेली आहेत. लिपीच्या मोहाने व्युत्पत्ती चुकण्याचा हा प्रकार देवनागरीत लिहिणाऱ्यांस अपरिचित असला, तरी लोकव्युत्पत्तीच्या रूपाने तो मराठीतही नित्य घडतो.

ध्वनिदृष्ट्याही हाओरी हा शब्द उपयुक्त साक्षीदार आहे. योद्धे चिलखतावर जो बिनबाह्यांचा हाओरी चढवीत त्याला ‘जिन्-बाओरी’, म्हणजे छावणीचा हाओरी, असे नाव होते. समासाच्या उत्तरपदात ‘ह’चा ‘ब’ झालेला येथे दिसतो. समासातील सघोषीभवनाचा जपानी नियम ‘क’चा ‘ग’ करतो, ‘त’चा ‘द’ करतो. मग ‘ह’चा ‘ब’ का? कारण आजचा ‘ह’ हा पूर्वी ‘प’ होता आणि ‘फ’सदृश ओष्ठ्य घर्षकाच्या पायरीवरून तो ‘ह’पर्यंत उतरला. याला लेखी पुरावा आहे. जेझुइटांनी नागासाकी येथे १६०३ साली छापलेल्या आणि १६०४ साली पुरवणी जोडलेल्या, सुमारे ३२,००० शब्दांच्या जपानी-पोर्तुगीज कोशात आजचे हकारारंभी शब्द ‘एफ’ या रोमन अक्षराने लिहिले आहेत. ज्या मुद्रणयंत्राच्या बळावर जपानात असे मुद्रण सुरू झाले ते १५९० साली गोव्याच्या मार्गानेच तेथे पोचले होते.

मराठीतील अंगरख्यांची नावे क्रियेवरून नव्हे, तर प्राधान्याने शरीराच्या भागावरून किंवा बांधणीवरून पडलेली आहेत. ‘अंगरखा’ म्हणजे अंगाचे रक्षण करणारा. ‘सदरा’ हा अरबी ‘सद्र’, म्हणजे छाती, याच्याशी जोडतात. ‘पायजामा’ हा फारसी समास, पायाचा जामा. ‘उपरणे’ हे वरचे वस्त्र. ‘बाराबंदी’ हे नाव बारा बंदांवरून आले. त्यात संख्यावाचक ‘बारा’ देशी आणि ‘बंद’ फारसी, जरी हा फारसी शब्द संस्कृत ‘बंध’ याचा सगोत्र असला तरी. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज वाहणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालतात; नाव आणि वस्त्र दोन्ही एकत्र जिवंत असल्याचे हे ठळक उदाहरण आहे. याउलट ‘डगला’ हा शब्द मराठीत व्यवहारातून बराचसा मागे सरला, तरी पारशी समाजाच्या पांढऱ्या औपचारिक ‘डगली’त तो टिकून आहे.

जपानीत शरीरभागावरून नावे पडतच नाहीत असे नव्हे. ‘कातागिनु’ म्हणजे खांद्याचे वस्त्र. ‘फुरिसोदे’ आणि ‘तोमेसोदे’ या स्त्रियांच्या औपचारिक किमोनोंच्या नावांत ‘सोदे’ म्हणजे बाही आहे, पहिल्यात झुलती आणि दुसऱ्यात आखूड केलेली. विशेष हा की अविवाहित तरुणी फुरिसोदे घालते आणि तोमेसोदेचा काळा प्रकार विवाहितेचा असतो. म्हणजे बाहीच्या लांबीला सामाजिक अर्थ आहे आणि तोच नावात उतरला आहे.

३. औपचारिकतेच्या पायऱ्या

औपचारिकता कशाने सिद्ध होते, याही बाबतीत दोन शब्दसंपदा वेगळ्या वाटेने जातात. जपानी पुरुषाचा सर्वांत औपचारिक देशी वेष ‘मोन्त्सुकी हाओरी हाकामा’ हा होय. ‘मोन्त्सुकी’ म्हणजे कुलचिन्हांकित. पाठीवर मध्यभागी एक, दोन्ही बाह्यांच्या मागे एकेक आणि छातीवर दोन अशी पाच कुलचिन्हे असली की वेष प्रथम श्रेणीचा. तीन किंवा एक असेल तर पायरी उतरते. भाषेत या पायऱ्यांना ‘पंचचिन्ही’, ‘त्रिचिन्ही’, ‘एकचिन्ही’ अशा अर्थाची स्वतंत्र नावे आहेत. औपचारिकता येथे वस्त्रावरच मोजून लिहिलेली असते.

मराठी वेषात ती वस्त्रांच्या संख्येत आणि पूर्णतेत असते. रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची सर्वपरिचित छायाचित्रे आठवावीत. अंगरखा, उपरणे आणि पुणेरी पगडी ही त्रयी तेथे एकत्र आहे. अंगरखा तोच, पण खांद्यावर उपरणे नाही किंवा डोके उघडे आहे, तर तो वेष घरगुती ठरे. मराठी सभ्य वेष हा बेरजेचा वेष आहे. म्हणूनच त्याचे सामूहिक नाव ‘शिरपाव’ असे पडले. फारसी ‘सर-ओ-पा’, म्हणजे डोके आणि पाय, याचे हे रूप. संस्कृत ‘शिर’ आणि मराठी ‘पाव’, ‘पाऊल’ यांच्या आधाराने ते मराठी कानाला घरचेच वाटले. राजाने सन्मानार्थ दिलेला आपादमस्तक पोशाख तो शिरपाव.

यापुढे जपानी ‘कामिशिमो’ ठेवून पाहण्यासारखा आहे. एदो काळातील सामुराईंचा हा औपचारिक वेष, ताठ खांद्यांचा कातागिनु आणि त्याच कापडाचा हाकामा मिळून होणारा. ‘कामि’ म्हणजे वर, ‘शिमो’ म्हणजे खाली. या शब्दासाठी जपान्यांनी ‘वस्त्र’, ‘वर’ आणि ‘खाली’ ही तीन चिन्हे एकत्र करून एक नवेच अक्षरचिन्ह घडवले, जे चिनी लिपीत मुळात नव्हते. परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन भाषांनी पूर्ण वेषाला त्याच्या दोन टोकांवरून नाव द्यावे, हे अर्थविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे साम्य आहे.

औपचारिक वेष हा अधिकाराचा वाचक होतो, हे मराठीत आणखी पुढे गेले. मराठेशाहीत पद मिळणे म्हणजेच त्या पदाची ‘वस्त्रे’ मिळणे. कोकणातील श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ यांना १७१३ साली आणि पहिल्या बाजीरावास १७२० साली छत्रपती शाहूंकडून पेशवेपदाची वस्त्रे मिळाली, असेच मराठी इतिहासलेखन म्हणते. मुसलमानी दरबारात याच क्रियेला ‘खिलत’ असा अरबी शब्द होता, ज्याच्या धातूचा अर्थ ‘उतरवणे’ असा आहे; राजाने आपल्या अंगावरचे उतरवून दिलेले ते खिलत. मराठीने येथे संस्कृत शब्द स्वीकारला आणि अनेकवचनात त्याला पदाचा अर्थ दिला.

वेष व्यवहारातून गेला तरी वाक्प्रचारात राहतो. जपानीत ‘कामिशिमो उतरवणे’ म्हणजे औपचारिकपणा सोडून मोकळे होणे. सामुराईंचा वर्ग संपून शतकाहून अधिक काळ लोटला, तरी हा प्रयोग चालू आहे. मराठीत ‘शालजोडीतले देणे’ म्हणजे सभ्य शब्दांत लपेटून टोला हाणणे. शालजोडी खांद्यावर मिरवणारे सरदार गेले. त्यांची शालजोडी भाषेत उरली. ‘दोषांवर पांघरूण घालणे’ येथेही तीच चिकाटी दिसते.

४. समुद्रमार्गे आलेले शब्द

पोर्तुगीज १५४३ साली जपानात पोचले आणि १६३९ साली त्यांना तेथून घालवून देण्यात आले. शतकाहूनही कमी काळात त्यांनी जपानी वस्त्रशब्दांत कायमची भर घातली. लोकरी जाड कापडाला ‘राशा’, मखमलीला ‘बिरोदो’, पावसाळी अंगरख्याला ‘काप्पा’, गुंडीला ‘बोतान्’ आणि किमोनोच्या आत घालावयाच्या वस्त्राला ‘जुबान’ हे शब्द पोर्तुगीजांचे. यांत ‘जुबान’ सर्वांत बोधप्रद आहे. त्याचे जुने रूप ‘जिबान’, मूळ पोर्तुगीज ‘जिबांव’. या पोर्तुगीज शब्दाचा माग इटालियनमधून अरबी ‘जुब्बा’पर्यंत लागतो. अरबस्तानात जुब्बा हे विद्वानांचे व प्रतिष्ठितांचे बाह्य वस्त्र. हाच अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘झब्बा’ झाला. दाभोळसारखी रत्नागिरीची जुनी बंदरे इराणी आखाताशी व अरबस्तानाशी व्यापार करीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे अशा शब्दांना घाटावरची दरबारी वाट आणि किनाऱ्यावरची व्यापारी वाट अशा दोन्ही मोकळ्या होत्या, हे उमगते. याच ‘जुब्बा’चा फ्रेंच वंशज ‘जुपाँ’ एकोणिसाव्या शतकात जपानीत ‘झुबोन’ झाला, असे बहुतेक कोश मानतात. म्हणजे एकाच अरबी शब्दाची तीन वंशजे: मराठीत अंगातला लांब झब्बा, जपानीत किमोनोच्या आतले जुबान, आणि जपानीतच पायांतली विजार. शब्द प्रवास करतो तेव्हा अर्थाबरोबर अंगावरचा थर आणि जागाही बदलते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे क्रियापद स्थानिक भाषा ठरवते. जपानीत जुबान ‘किरु’च्या वर्गात गेले आणि झुबोन ‘हाकु’च्या, मूळ एक, पण दोघांची घरे वेगळी.

पोर्तुगीजातील अंत्य अनुनासिक द्विस्वर तीन भाषांनी तीन प्रकारे पचवला, हेही येथेच नोंदवावे. गुंडीचा पोर्तुगीज शब्द कोकणीत ‘बुतांव’ आणि जपानीत ‘बोतान्’ झाला. रोटीचा पोर्तुगीज शब्द जपानीत ‘पान्’ आणि मराठीत ‘पाव’ झाला. जाहीर विक्रीचा शब्द मराठीत ‘लिलाव’ आहे. जुन्या लेखनात ‘लिलांव’ असे सानुस्वार रूपही आढळते. कोकणीने अनुनासिक व ‘व’ दोन्ही राखले. मराठीने ‘व’ राखून अनुनासिक सोडले. जपानीने अनुनासिक राखून ‘व’ सोडला. गुंडीच्या बाबतीत प्रमाण मराठीने हा शब्द घेतलाच नाही. आपली ‘गुंडी’ ठेवली आणि पुढे इंग्रजी ‘बटण’ घेतले. परंतु गुंडी ज्या छिद्रात अडकते त्या ‘काज’ची कथा निराळी आहे. हा शब्द पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर, यापासून आला. गुंडीचे घर ते काज. ‘फीत’ आणि ‘इस्त्री’ हेही पोर्तुगीजांचेच. यावरून एक गोष्ट दिसते. पोर्तुगीजांनी मराठीला शिवणकामाची व निगराणीची परिभाषा दिली, अंगरख्याचे नाव दिले नाही. ती जागा फारसी-अरबी नावांनी आधीच व्यापली होती. जपानात त्यांनी कापड, आतले वस्त्र आणि पावसाळी वस्त्र यांची नावे दिली. हाओरी व हाकामा यांची देशी नावे अढळ राहिली. मानाच्या वेषाचे नाव व्यापारी बदलू शकत नाही. ते बदलायचे तर दरबार बदलावा लागतो.

आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा हा पट प्रथम साकल्याने मांडला तो गोव्यातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी. त्यांच्या १९१३ सालच्या ग्रंथात सुमारे पन्नास आशियाई भाषांचा परामर्श आहे, आणि मराठी, कोकणी व जपानी त्यांत एकत्र येतात. प्रस्तुत विषयाचा अभ्यास त्या ग्रंथापासून सुरू करणे इष्ट होय.

शब्दांचा प्रवाह एकाच दिशेने गेला असे मात्र नव्हे. जपानी हाकामासाठी वापरल्या जाणाऱ्या एका तलम रेशमी कापडाचे नाव ‘चाउ-जिमा’ असे आहे. ‘जिमा’ हे ‘शिमा’, म्हणजे पट्टेदार वस्त्र, याचे समासातील सघोष रूप; आणि ‘चाउ’ म्हणजे कोकणातील चौल. चौल येथे पोर्तुगीजांचे ठाणे १५२१ पासून होते. १७४० साली ते मराठ्यांकडे आले. तेथील रेशमी कापड पोर्तुगीजांनी जपानात नेले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोच्या विणकरांनी ते आपल्याकडेच विणण्यास आरंभ केला, तरी नाव चौलचेच राहिले. जपानी लेखनात त्यातील ‘चा’साठी चहा या अर्थाचे चिन्ह वापरतात, त्यामुळे वाचकास कोकणाची आठवणही होणार नाही. चेन्नईजवळच्या सेंट टोमे या ठाण्यावरून ‘सान्तोमे’ आणि बंगालवरून ‘बेंगारा’ अशी पट्टेदार कापडांची आणखी नावे जपानीत आहेत. ‘शिमा’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘बेट’ असा मानतात. दक्षिणेच्या बेटांकडून आलेले ते कापड. जपानी पुरुषाच्या मानाच्या वेषात कोकणातील एका बंदराचे नाव, ओळख पुसलेल्या स्थितीत का होईना, टिकून आहे.

५. आधुनिक काळ

१८७२ साली जपानी शासनाने सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य वेष ठरवून दिला. त्याचा भाषेवरील परिणाम असा की देशी वस्त्रांना प्रथमच एक सामूहिक नाव लागले. ‘योफुकु’, म्हणजे पाश्चात्त्य वस्त्रे, याच्या विरोधात ‘वाफुकु’, म्हणजे जपानी वस्त्रे, हा शब्द रूढ झाला. समोर दुसरे काही उभे राहीपर्यंत आपल्या वस्त्राला ‘आपले’ म्हणण्याची गरज नसते. औपचारिक वेषाला ‘रेइफुकु’, गणवेशाला ‘सेइफुकु’ अशी वर्गनामे चिनी घटकांनी घडवलेली आहेत.

मराठीनेही वर्गनामांसाठी अभिजात भाषेकडेच हात पसरला. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचे हे गाव एक केंद्र झाले. त्यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या शब्दांत ‘गणवेश’ हा एक आहे, आणि तो पूर्णतः रुळला. परंतु ‘कोट’, ‘सदरा’, ‘पायजामा’ या वस्तुनामांना संस्कृत पर्याय रुळले नाहीत. वर्गाचे नाव ग्रंथातून येऊ शकते. वस्तूचे नाव वस्तूबरोबरच येते. आणि या दोहोंखाली, कोणत्याही चळवळीचा स्पर्श न झालेले, ‘घालणे’ व ‘नेसणे’ उभे आहेत.

मात्र ती अढळ आहेत असे समजणे धोक्याचे ठरेल. अलीकडे ‘साडी घातली’ हा प्रयोग शहरी बोलण्यात ऐकू येतो आणि त्यावर अशुद्धतेचा शिक्का बसतो. येथे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. समारंभासाठी जी शिवलेली नऊवारी किंवा शिवलेले धोतर तयार मिळते, त्याला ‘घालणे’ लावणारा भाषक नियम मोडत नाही. तो मराठीचा जुना नियम अचूक पाळतो, कारण त्या वस्त्राचा आकार शिंप्याने आधीच दिलेला आहे. पगडी घालतात व पागोटे बांधतात, तसेच हे. परंतु न शिवलेल्या साडीलाही ‘घालणे’ लागू लागले, तर तो भेदच पुसला जाईल. घडण विचारणारे क्रियापद काही न विचारणारे होईल. जपानीत असा धोका कमी आहे, कारण वस्त्राची घडण कितीही बदलली तरी शरीराचे भाग बदलत नाहीत. तेथे दुसरेच काही घडले. किमोनो स्वतः नेसण्याचे ज्ञान घरातून ओसरू लागले आणि ‘कित्सुके’, म्हणजे किमोनो नीट चढवणे, ही पैसे देऊन शिकण्याची विद्या झाली. क्रियापद राहिले, क्रिया दुर्मिळ झाली. मराठीत क्रिया शिंप्याकडे गेली आणि क्रियापद डळमळू लागले.

या विवेचनाचे व्यावहारिक फलित बोलींच्या सर्वेक्षणासाठी महत्त्वाचे आहे. वस्त्रशब्द गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ ‘याला काय म्हणतात?’ असे विचारून थांबू नये. ‘हे अंगावर कसे घेतात?’, ‘हे शिवलेले असते तर काय म्हणाला असता?’, ‘अंगात की अंगावर?’ हे प्रश्न प्रत्येक नामामागे विचारले पाहिजेत. रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी जुन्या पिढीकडे धोतर, सोवळे, उपरणे, घोंगडी, इरले यांची क्रियापदे आजही भेदासह मिळतात. नामे संग्रहालयातील वस्त्रांच्या चिठ्ठ्यांवरूनही पुढे मिळवता येतील. क्रियापद मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ते वस्त्र अंगावर घेणाऱ्या माणसाच्या तोंडी असते, आणि तो माणूस असेपर्यंतच ते टिपता येते.